इथं दीड, तिथं तीन

शिबू म्हणाला, बूट राहू द्या ताई, पायाशी प्लास्टिक आहे,
नुसतं पडा. पाच मिनिटं तरी.
गादी हातानं दाबून कळत नाही.

परक्या पुरुषासमोर मी आडवी झाले
शारजातल्या एका शोरूममध्ये, भर दुपारी,
पर्स पोटावर धरून.
छताला अठरा दिवे. मोजले.

अकरा वर्षं या देशात मी झोपले
दुसरीच्या गादीवर. म्हणजे गादी पूर्ण, दिवस निम्मा:
रोल्यातल्या खोलीत सहा खाटा, अकरा बायका.
मी दवाखान्यातून सकाळी आठला यायचे
तेव्हा मारिविक उठून हॉटेलात गेलेली असायची
आणि तिच्या कुशीचा खळगा अजून कोमट.
पुदिन्याच्या बामाचा वास. एखादा लांब केस.
भेटायचो फक्त शुक्रवारी,
बाकी एकमेकींना ओळखायचो ते पाठीवरून.

आता खोली माझी आहे. अजमानच्या हद्दीला, एक खिडकी,
खिडकीत वाळू आणि पार्किंग.

शिबूनं कापलेला नमुना आणला,
जाळी पडलेल्या घावनासारखा, भोकाभोकांचा.
शंभर टक्के झाडाचं, म्हणाला, पेट्रोलचा थेंब नाही यात.
बाहेर पेट्रोलचाच देश उन्हात तळपत होता.
लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर हिरवं पान.
पर्यावरणस्नेही.
रबराचं झाड, ताई. तुम्ही पाहिलं नसेल.

मी पाहिलं नसेल!
दोडामार्गात आमच्या वरचा डोंगर विकला तेव्हा मी नववीत होते.
घेणारे तुझ्याच कोट्टायमकडचे, शिबू,
पांढरी लुंगी, चोख पैसे, गोड बोलणं.
ऐन गेला, किंजळ गेला, रातांब्याची चार जुनी झाडं गेली,
महिनाभर धूर.
मग रबर, शाळेतल्या प्रार्थनेसारखं रांगेत.
आई म्हणायची त्यावर पाखरू बसत नाही.
बसतं. कमी बसतं.

आता माझा भाऊ बाबल तिथंच कामाला आहे.
पहाटे तीनला डोक्याला दिवा बांधून निघतो,
सालीला तिरपी चीर, खाली करवंटी,
पांढरा चीक थेंबाथेंबानं. ऊन चढलं की आटतो.
त्याच्या शर्टाचा तो आंबूस वास
कुठल्याच साबणानं जात नाही,
आणि त्या पगारावर त्याच्या मुली शिकतायत.
म्हणून स्नेही कुणाचं, हे मला विचारू नका.
मी नमुना नाकाशी धरला. जरासा होता वास.

दोन हजार सहाशे दिरहम.
शेजारी फोमची होती, सहाशेला, गुलाबी फुलांची,
उन्हाळ्यात पाठ भाजणारी.
इथं मी प्रत्येक किमतीला तेवीसनं गुणते,
दुधाच्या बाटलीला, चपलेला, आजारपणाला.
या वेळी गुणलं नाही.
कार्ड पुढं केलं आणि हात थरथरला, तेवढंच.

रात्री दीडला जाग आली. तिथं तीन.
बघते तर मी काठाला, भिंतीकडे तोंड करून,
उरलेली सगळी गादी मोकळी ठेवलेली,
जशी कुणाची ड्युटी संपायची आहे.
उठून दिवा लावला. जिथं निजले होते तिथं
एवढाही खळगा नव्हता.
वीस वर्षं पडणार नाही, शिबूनं लिहून दिलंय.

बाबलला फोटो पाठवला. तुझ्या चिकाची, असं लिहिलं.
ती त्याच्या डोंगराची असेलच असं नाही, पण लिहिलं.
केवढ्याक गावली?
मी निम्मी किंमत सांगितली.
तो बराच वेळ टाइप करत होता,
मग थांबला,
मग काही आलं नाही.